सयाजीरावांच्या जीपचा ठोका

इंजिनात प्लग बसवायच्या आधी गुरुशांतअण्णा बोट पाण्यात बुडवायचा, भस्माच्या वडीवर घासायचा आणि प्लगच्या पांढऱ्याशुभ्र चिनीमातीवर तीन आडव्या रेघा ओढायचा. मग प्लग डोळ्यांना लावून जागेवर. शुक्रवार पेठेतल्या त्याच्या गॅरेजातून बिनभस्माची गाडी कधी बाहेर पडली नव्हती, आणि भस्म लागलेली गाडी कधी रडत परत आली नव्हती.

सयाजीरावांची जीप मात्र आली.

सयाजीराव अकलूजचे. घरचा ऊस, आणि चिखलातल्या जीप-शर्यतींचा भारी नाद. "अण्णा, इंजिन असं बांधा की मागच्याला माझा नुसता चिखल दिसला पाहिजे," असं सांगून गेलेला माणूस. अण्णानं इंजिन पार तळापर्यंत खोललं. जास्त दाबाचे पिस्टन घातले, कॅमशाफ्ट बदलली. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा जाड ठोकळा, घासायचं आणि त्यात वॉल्व्ह टेकतात त्या सीटा कापायचं काम नेहमीप्रमाणे अभिमन्यूच्या लेथवर गेलं. हा अभिमन्यू मूळचा केम गावचा. दिवसा लोखंड कापणार, संध्याकाळी मठातल्या कीर्तनात मृदंग वाजवणार. त्याच्या शेजारी झांज धरून बसणार गुरुशांतअण्णा. इतकी वर्षं दोघांचा ठोका एक होता.

जीप उभी असली की गाय उभी राहावी तशी शांत. पण पुलाचा चढ आला, पाय खाली दाबला, की "फट्... फट्..." ऐन रंगात आलेल्या भजनात मधेच एखादा टाळ गळून पडावा, तसं एखादं सिलिंडर ठोका खायचं.

अण्णानं कार्बोरेटर धुतला. टायमिंग पाहिलं. कॉइल बदलली, वायरी बदलल्या. प्लगचा नवा संच आणला, रीतीप्रमाणे भस्म लावून बसवला. फट् फट् तसंच.

मग उरलं काय? हेड.

आणि हेड म्हणजे अभिमन्यू.

शंका ही भिंतीतल्या पिंपळासारखी. एकदा कोंब फुटला की विटा आपोआप जागा देतात. अण्णाला आठवलं, या वेळी हेड द्यायला अभिमन्यूनं नेहमीपेक्षा उशीर केला होता. लेथवर एक अनोळखी माणूस उभा दिसला होता. आणि पलीकडच्या गल्लीतल्या शरणबसवच्या गॅरेजात, जिथं शर्यतीच्या गाड्यांचं काम नव्यानं सुरू झालं होतं, तिथं अभिमन्यू चहा पिताना दिसला होता. चहा! एवढ्या वर्षांत माझ्याकडं आला तर 'नको अण्णा, पित्त होतंय' म्हणणारा!

अण्णानं चारी सिलिंडरचा दाब मोजला. चारी सारखे भरले. दुसऱ्या कुणाचं हेड असतं तर अण्णानं तिथंच कानाला हात लावला असता. पण शंकेचं पोट भरत नसतं. 'गार असताना बरोबर दाखवतंय,' तो मनाशी म्हणाला, 'तापल्यावर सीट सुटत असणार. मुद्दाम सैल बसवली असणार.'

त्याच दुपारी सयाजीरावांचा फोन आला. "अण्णा, रविवारी शर्यत आहे. तुमचं जमत नसेल तर शरणबसवकडं टाकू का?"

अण्णाच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या कामात खोट न्हाई ओ. हेडचं काम बाहेर दिलं होतं. तो केमवाला... आता काय सांगायचं. माणूस फिरला की कामही फिरतंय."

फोन ठेवल्यावर जीभ कडू झाली. पण कडू जिभेनंच तो संध्याकाळी मठात गेला.

कीर्तन चांगलं रंगलं होतं. बुवांनी अभंग उचलला, मृदंग घुमला. अण्णाचं लक्ष मात्र अभिमन्यूच्या चेहऱ्यावर. एरवी दर आवर्तनाला मान वर करून हसणारा माणूस आज एकदाही बघत नव्हता. 'चोराच्या मनात चांदणं,' अण्णा मनाशी म्हणाला आणि त्या नादात झांज उशिरा पडली. बुवांनी चमकून बघितलं. अभिमन्यूनं एक जादा थाप घालून तो खड्डा भरून काढला. अण्णानं मात्र हिशेब उलटाच मांडला: बघा, मुद्दाम माझा ठोका चुकवतोय.

उठताना अभिमन्यू बुवांना म्हणाला, "उद्यापास्नं दुसरा मृदंगवाला बघा, बुवा." कारण सांगितलं नाही.

झालं. अण्णाला वाटलं, चोर पळतोय. पळायच्या आत त्याच्यादेखत हेड उघडायचं. अण्णानं त्याला रस्त्यातच गाठलं. "का बे, उद्या दुपारी येतोस का? तुझं हेड खोलायचंय."

"येतो की," अभिमन्यू म्हणाला. तेव्हाही खालीच बघत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. अण्णा पाना घेऊन तयारच होता.

"थांब अण्णा. खोलायच्या आधी एकदा ऐकव तर."

"ऐकायचं काय त्यात?"

"हेड माझं हाय न्हवं? मग ऐकू दे."

अभिमन्यू गाडीत बसला. गिअर टाकला, हँडब्रेक ओढून धरला, क्लच जरासा सोडत पाय खाली दाबला. इंजिन ओझ्याखाली घुमलं आणि फट्! अभिमन्यूनं मान तिरकी केली, मृदंगाची चामड्याची पुडी सुरात लावताना करतो तशी.

"हे आतनं न्हाई, अण्णा. फटच्या आदी एक बारीक 'टिक' येतंय. बाहेरनं. शटर वढ बरं खाली."

धूर कोंडू नये म्हणून अण्णानं मागचं दार जरासं किलकिलं ठेवून शटर ओढलं. गॅरेजात अंधार झाला. "बघ हितं वाकून," असं म्हणत अभिमन्यूनं पुन्हा ओझं दिलं.

अण्णा बॉनेटखाली वाकला आणि तसाच राहिला.

चौथ्या प्लगच्या टोपणाखालून एक निळी ठिणगी बाहेरच्या बाहेर उतरत होती. टिक. मग दुसऱ्या प्लगवर. टिक. जिथून उतरत होती तिथं चिनीमातीवर तीन आडव्या रेघा होत्या. त्याच्याच बोटाच्या.

साध्या इंजिनात दाब कमी, तिथं ठिणगीला आत उडी मारायला कष्ट नव्हते. म्हणून इतकी वर्षं भस्म निभावलं. या इंजिनात दाब वाढला, आतली वाट अवघड झाली, आणि राखेच्या रेघांनी ठिणगीला बाहेरून सोपी पायवाट करून दिली. नवे प्लग आणले तेव्हा ती पायवाटही त्यानं भक्तिभावानं नव्यानं घालून दिली होती.

अण्णानं इंजिन बंद करायला लावलं. प्लग काढले, पेट्रोलच्या फडक्यानं चकचकीत पुसले, कोरडे करून बसवले. पुन्हा ओझं दिलं. इंजिन एकसुरात गर्जलं. एकही ठोका चुकला नाही.

शटर वर गेलं.

मग अण्णानं फोन काढला, सयाजीरावांना लावला आणि आवाज मोठा करून मडगार्डवर ठेवला.

"सयाजीराव, दोष सापडला. माझ्या हातचा होता. जीप न्यायला या."

"आणि त्या केमवाल्याचं काय ओ? तुम्ही तर म्हणत होता..."

"म्हणालो ते खोटं म्हणालो. हेड सोन्यासारखं आहे. तो इथंच उभा आहे, त्याच्यासमोर सांगतोय."

फोन बंद झाला. अण्णाला मान वर करवेना. "मी तुझ्यावर ढकललं होतं, तुला माहीत नव्हतं रे..."

"व्हतं की," अभिमन्यू म्हणाला. "सयाजीरावांनी काल दुपारीच फोन करून मला इचारलं. म्हणून तर कीर्तनात तुझ्याकडं बघवंना."

"मग आज आलास कशाला?"

"माझं हेड हाय म्हणालो न्हवं?" त्यानं हात पुसले. "शरणबसवनं माणूस धाडला व्हता लेथवर, कायमचा ये म्हणून. त्याच्याकडं जाऊन चहा प्यालो आन् न्हाई म्हणून आलो. नुसतं न्हाई म्हणायला गेलं तर उद्धट दिसतंय."

अभिमन्यूनं भस्माची वडी उचलली, बोट ओलं केलं आणि इंजिनाच्या वरच्या झाकणावर तीन रेघा ओढल्या. "हे इंजिनाचं कपाळ. प्लग म्हंजी जीभ. भस्म कपाळाला लावत्यात, अण्णा. जिभंला न्हाई." आणि वळून निघून गेला. हसला की नाही ते कळलं नाही.

संध्याकाळी मठात मृदंगाची जागा रिकामीच होती. अण्णा झांज मांडीवर घेऊन बसला. दाराकडं बघायचा धीर होईना. बुवांनी नमन धरलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली.

तिसऱ्या ओळीला शेजारी सतरंजी हलली, आणि थाप पडली.

अण्णानं मान वळवून चेहरा वाचायचा प्रयत्न केला नाही. डोळे मिटले, नुसतं ऐकलं, आणि झांज मिळवली.