संघ हरवला

शाळेच्या फलकावर बातमी लिहायची धाकटीची पहिलीच पाळी होती. ‘अंतिम सामन्यात आपला व्हॉलीबॉल संघ हरला’ असं लिहायचं होतं. घाईत तिने ‘हरवला’ लिहिलं. संघाची कर्णधार तिचीच ताई. कालपासून ताई ना कुणाशी बोलली होती, ना धड जेवली होती. तिने हे वाचलं तर आपली धडगत नाही, म्हणून चूक लक्षात येताच धाकटी डस्टर घेऊन धावली. फलकापुढे ताई आधीच उभी होती.

“हरवला?” ताई म्हणाली. “मग शोधा की आम्हाला!” आणि तिला हसू आवरेना.

धाकटीने पुसायला हात उचलला, तर ताईने डस्टरच काढून घेतलं.

“राहू दे गं, वेडाबाई. हरण्यापेक्षा हे बरं. चल, तुझा डबा काढ. पोटात कावळे ओरडतायत.”