खुंटी सुटलेला खांब

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. दूर उत्तरेकडच्या बर्फाळ देशात, सायमा सरोवराच्या काठी, कुइक्काला गावच्या फाट्यावर उभा असतो. मला एकच हात आहे आणि त्या हातावर निळी सायकल रंगवलेली आहे. सायकलवरून लांबच्या प्रवासाला निघालेल्यांना रस्ता दाखवायचा, एवढीच माझी नोकरी. पण या नोकरीत मी माणसे इतक्या जवळून पाहिली आहेत, की आता कुणी नुसता शीळ घालत आला तरी मला त्याची शंका येते.

मला ओइवाने घडवले. तो गावचा सुतार. त्याने एक सरळ पाइन निवडला, साल काढली, डांबर चोपडले आणि मला इथे पुरले. हिवाळ्यात बर्फ काढणारी गाडी येते. तिने माझा हात मोडू नये म्हणून तो फिरवून आत घेता येईल अशी सोय त्याने केली. हाताच्या खालच्या बाजूला एक लाकडी खुंटी बसवली. ती ठोकलेली असली की हात हलत नाही, काढली की कुठेही वळतो. ही खुंटी सहज दिसत नाही. ती ठाऊक होती ओइवाला आणि त्याच्या बायकोला, ताइमीला. काम संपल्यावर ओइवा मला म्हणाला, "रस्ता सांग. बाकी कुणाला काही सांगू नकोस." आमच्याकडे हा आशीर्वाद समजला जातो.

माझ्यापाशी तीन वाटा फुटतात. डावीकडची काठाकाठाने ताइमीच्या कॉफीच्या टपरीकडे जाते. उजवीकडची लाकूडतोडीची, ती लांबून फिरून हमरस्त्याला लागते. मधली पायवाट खाली एका खडकापाशी संपते आणि पुढे नुसते पाणी. माझा हात अर्थातच डावीकडे होता.

ती वर्षे सुखाची होती. दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवलेल्या सायकली यायच्या. माणसे मला टेकून पाणी प्यायची, डास मारायची, मोज्यांतली वाळू झटकायची. कुठे मोटार नाही, आवाज नाही, पाण्यावर एखादा पक्षी ओरडला तर तेवढेच. मग ती ताइमीकडे जाऊन वेलदोड्याचा पाव आणि कॉफी घ्यायची. जाताना काही जण माझा फोटो काढायचे. मीही हात न हलवता नीट उभा राहायचो.

आता अळंबीबद्दल सांगायला हवे. आमच्याकडे जंगल कुणाच्याही मालकीचे असो, त्यात उगवलेली अळंबी ज्याला सापडली त्याची. कायदाच तसा आहे. त्यामुळे पिवळी अळंबी कुठे उगवते हे ठाऊक असणे, एवढीच काय ती त्या जागेची मालकी. माणसे घराला कुलूप लावत नाहीत, पण अळंबीची जागा सख्ख्या बहिणीला सांगत नाहीत. जुलैचा शेवट आला की गावातला प्रत्येक जण तब्येतीसाठी फिरायला लागतो, आणि प्रत्येकाचा कोट एका बाजूने फुगलेला असतो.

निवृत्त पोस्टमन उर्पो आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी राउनी माझ्यासमोर भेटत, तेव्हाचे त्यांचे बोलणे ऐकण्यासारखे असे.

"कुठे निघालीस गं?"

"पाय मोकळे करायला."

"बादली घेऊन?"

"तिलाही घरात बसून कंटाळा येतो. तू कुठून येतोयस?"

"मी? मी येतच नाहीये. मी इथेच होतो."

मग दोघेही समोरचा नजरेआड होईपर्यंत बुटाची नाडी बांधत बसायचे.

ओइवा वारला त्याच वर्षीची गोष्ट. एक उंच डच बाई सायकल मला टेकवून डाव्या वाटेने झाडीत गेली. कशासाठी गेली ते विचारू नये. बाहेर आली तेव्हा तिचे हेल्मेट पिवळ्या अळंबीने काठोकाठ भरले होते. ते तिने ताइमीच्या टपरीत सगळ्यांसमोर टेबलावर ठेवले. पुढचे मला गावकऱ्यांच्या कुजबुजीतून कळले. सगळ्यांनी मान वाकवून अळंबीला चिकटलेले शेवाळ आणि पाइनच्या सुया, म्हणजे त्याची सुईसारखी पाने, न्याहाळली. आमच्या माणसांना तेवढ्यावरून जागा ओळखता येते. "सुंदर," ताइमी म्हणाली आणि कॉफी ओतायला वळली. ती जागा तिची होती. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळी सकाळी ओइवाने तिला दाखवलेली.

दुसऱ्या दिवशी ताइमी आली, तिने चहूकडे पाहिले, खुंटी काढून खिशात घातली आणि माझा हात उजवीकडे वळवला. अळंबीचे दिवस सरल्यावर तिने तो पुन्हा डावीकडे केला. खुंटी मात्र परत ठोकली नाही. पुढच्या वर्षी लागेल, असा तिचा हिशेब असावा.

मित्रांनो, सुटलेली खुंटी गावात फार दिवस लपत नाही. पुढच्या उन्हाळ्यात उर्पो मला पाठ टेकून उभा राहिला आणि माझा हात हलला. तो चमकला. मग त्याने विचार केला. त्याची जागाही डाव्या वाटेवरच होती, ताइमीच्या जागेपलीकडे. त्याने हात उजवीकडे केला आणि निघून गेला. तासाभराने राउनी आली. तिची जागा उजवीकडे. तिने हात मधल्या वाटेकडे केला, कारण तिकडे कुणाचेच काही उगवत नव्हते.

झाले. सायकलवाले खडकापर्यंत जायचे, पाण्याकडे बघायचे, नकाशाकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे. तशी नजर माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. एकाने तर मला लाथ मारली. मग हमरस्त्याने निघून जायचे. टपरीत पाव उरू लागला तशी ताइमी दर दोन दिवसांनी येऊन हात डावीकडे करायची, उर्पो उजवीकडे, राउनी मध्ये. आणि तिघेही टपरीत बसून खांब कोण फिरवतो याबद्दल गावाला नावे ठेवायचे.

एका सकाळी ताइमी माझ्यापाशी उभी राहून लेकीशी फोनवर बोलत होती. "नाही गं, पाव रोज उरतो. हे असंच राहिलं तर टपरी बंद करते आणि येते तुझ्याकडे शहरात, कुओपिओला. चौथ्या मजल्यावर. हो, लिफ्ट आहे ना, माहितीय." फोन ठेवून तिने माझा हात डावीकडे केला, थर्मास उचलला आणि समोरच्या दाट स्प्रूसच्या झाडामागे जाऊन बसली.

उर्पो आला. शीळ घालत. हात उजवीकडे केला आणि तिथेच नाडी बांधू लागला. तेवढ्यात राउनी आली. उर्पो घाईघाईने झुडपाआड झाला. राउनीने हात मध्ये केला. उर्पो झुडपातून बाहेर आला.

"सापडलीस. तूच ती."

"मी फक्त सरळ केला. वाकडा झाला होता."

"सरोवरात सरळ?"

"आणि तू झुडपात काय करत होतास?"

"मी तब्येतीसाठी बसलो होतो."

"बसा दोघंही," स्प्रूसमागून ताइमी म्हणाली. ती बाहेर आली तेव्हा दोघांचे चेहरे पाहण्यासारखे होते. "दहा वर्षं माझा पाव खाताय. टपरी बंद पडली की कॉफी कुठे पिणार? बादलीत?"

राउनी खाली बघत म्हणाली, "पण ताइमी, हा मुळात सैल कसा झाला? आम्ही नाही केला. आम्हाला वाटलं, कुजला."

एक डास उर्पोच्या कपाळावर बसून पोटभर जेवला, तरी त्याने हात उचलला नाही. मग ताइमीने खिशातून खुंटी काढून तळहातावर ठेवली.

"अस्सं," उर्पो म्हणाला.

"अस्सं," राउनी म्हणाली.

ताइमीने माझा हात डावीकडे वळवला, खुंटी भोकात बसवली आणि दगडाने ठोकली. ठोके बसले तसा मी शहारलो. ओइवा असाच ठोकायचा, शेवटचा ठोका हलका.

"आता सगळे माझ्या जागेवरून जाणार. जाऊ दे," ती म्हणाली. "उद्या या, तुम्हालाही दाखवते."

"नको नको," उर्पो घाबरून मागे सरला. "मग आम्हालाही दाखवावी लागेल."

त्या ऑगस्टमध्ये सायकली पुन्हा टपरीकडे वळल्या. एका तरुण जोडप्याला ताइमीची जागा सापडलीच. त्यांनी तिथली एकूण एक अळंबी पिशवीत भरून टपरीत आणली आणि ही खाता येते का, असे तिलाच विचारले. ताइमीने क्षणभर शेवाळाकडे पाहिले. मग तिने ती चाकूने स्वच्छ केली, लोण्यात कांद्यावर परतली आणि त्यांच्यापुढे ठेवली. हे मला राउनी उर्पोला सांगत होती त्यावरून कळले. सांगताना तिचा आवाज चर्चमधल्यासारखा झाला होता.

दुसऱ्या सकाळी माझ्या पायाशी एक बादली होती. उर्पोची, पिवळ्या अळंबीने भरलेली. टपरीच्या दारात ठेवली असती तर आभार ऐकावे लागले असते, म्हणून इथे. ताइमी पाव घेऊन जाताना थांबली. तिने संशयाने इकडे तिकडे पाहिले. मग एक अळंबी उचलून उलटसुलट केली, एखादी सुई, शेवाळाचा एखादा धागा शोधला. काही नव्हते. अळंबी आमच्याकडे कुणी पाण्याने धूत नाही, चव जाते. उर्पोने एकेक धुतली होती.

"लबाड कुठला," ताइमी म्हणाली आणि हसत बादली घेऊन गेली.

तर मित्रांनो, रानातल्या रस्त्यावर माझ्यासारखा कुणी भेटला तर त्याच्या शब्दावर विसंबायला हरकत नाही, पण आधी त्याचा हात थोडा हलवून बघा. हलला तर लाथ मारू नका. जवळच्या घरी जाऊन खुंटीची चौकशी करा आणि ठोकून द्या. शेवटचा ठोका हलका. आणि पिवळी अळंबी कुठे मिळते, हे मला विचारू नका. इथे अळंबी उगवतच नाही.