मागच्या सीटवरची ठकी

शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी माझी चारही दारं बंद झाली आणि कुलूप लागल्याचा 'टक' असा आवाज आला. तिथून सगळं सुरू झालं.

मी एक काळी गाडी बोलतेय. आजच सांगून टाकते, कारण उद्या मी या घरात नसेन.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी फार तोऱ्यात होते. माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर. तो मला रोज पुसायचा, पण मागे कुणाला बसू द्यायचा नाही, सीटला डाग पडतील म्हणून. आठ वर्षांनी त्याने मला विकलं आणि मी इथे आले. मग बिस्किटांचा चुरा, चिकट बोटं, फटीत गेलेले खडू. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

घरात चार माणसं. पडदे शिवणारी आई, छापखान्यात जाणारे बाबा, नऊ वर्षांची थोरली आणि पावणेदोन वर्षांची ठकी. ठकी हे काही खरं नाव नव्हे, पण हाक तीच. चालत्या गाडीत ती दार उघडायला बघायची, म्हणून बाबांनी माझी मागची दारं आतून उघडणार नाहीत अशी करून ठेवली होती. काळजीपोटीच.

आई कुणाच्या हाताखाली नाही, त्यामुळे तिला सुट्टीही नाही. शनिवार आला की मुलींना फिरायला जायचं असतं आणि नेमके त्याच दिवशी गिऱ्हाइकांना पडदे हवे असतात. म्हणून दोन्ही कामं एकाच फेरीत. आधी पडदे पोचवायचे, मग तसंच पुढे जायचं. बाबा म्हणायचे, आपण कुठले फिरायला निघतो, आपण पडद्यांना फिरवून आणतो.

घरात एक नियम होता. ज्याचे हात मोकळे, त्याच्याकडे ठकी. इतका अंगवळणी पडलेला की कुणी कुणाला विचारायचंच नाही.

त्या शनिवारी ऊन नुसतं भाजत होतं. डांबर चाकांना चिकटत होतं. एका लॉजच्या चौदा खोल्यांचे पडदे द्यायचे आणि तिथून पोहायच्या तलावावर जायचं, असं ठरलं होतं. आई पहाटेपासून मशीनवर बसलेली. शेवटच्या दोन पडद्यांच्या दुमडी तर तिने माझ्या पुढच्या सीटवर बसून हातानेच टाचल्या. मागे थोरली, गठ्ठे आणि गठ्ठ्यांपलीकडे आपल्या छोट्या खुर्चीत ठकी. तलाव तलाव करत रडून रडून झोपलेली.

लॉजपाशी सावलीची जागा नव्हती. उशीर झाला म्हणून लॉजच्या मॅडमचा सारखा फोन येत होता. आई आणि थोरली गठ्ठे घेऊन मागच्या जिन्याने वर धावल्या. आईला वाटलं, हे आहेतच मागे, ठकीला घेतील. बाबा माझ्या डिकीतून पडद्यांच्या दांड्या काढत होते. त्यांनी वळून पाहिलं तर मागे एक गठ्ठा उरलेला, तो दुसऱ्या गिऱ्हाइकाचा. त्याच्याआडची ठकी दिसली नाही. त्यांना वाटलं, नेली असेल नेहमीसारखी कडेवर. आणि टक.

बाबा खालीच, लॉजच्या आत गार हवेत थांबले. वर एक पडदा वीतभर लांब निघाला. मॅडम म्हणाल्या, आत्ताच करून द्या. आई खाली मान घालून शिवत बसली.

माझ्या आत हवा हलेना. ठकी जागी झाली. तिने आधी आईला हाक मारली, मग बाबांना, मग ताईला. मग नुसतीच रडली. मग तेही थांबलं. मला भोंगा आहे, पण तो दाबायला माणूस लागतं. मला काचा आहेत, त्या उतरवायलाही माणूस लागतं. मी फक्त तापत राहिले. चूल झाले मी.

दोन वाजून चौतीस मिनिटांनी आई खाली उतरली. गळ्यात टेप तसाच. पुढचं थोरली नंतर मागे बसून स्वतःशीच पुटपुटायची, म्हणून मला माहीत आहे.

"झोपलीये का अजून?" आईने विचारलं.

"कोण?" बाबा म्हणाले.

"ठकी."

"ती तुझ्याकडे आहे ना?"

दोघं धावत आले. बाबांच्या हातून किल्ली दोनदा पडली.

ठकी वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं गेली असती तर मला तुमच्याशी वेगळं बोलावं लागलं असतं. चौथ्या दिवशी ती घरी आली आणि आता अंगणभर पळते. भेटायला आलेली जाऊ आईला म्हणाली, "आई असून विसरलीस गं?" आईने ठकीला जवळ ओढलं. मी बोलले असते. ती विसरली नव्हती. बाबाही विसरले नव्हते. दोघांनाही ठकी पक्की आठवत होती, पण दुसऱ्याच्या कडेवर.

लोक म्हणतात, मेलेल्या माणसाचं भूत होतं. मला विचाराल तर वाचलेल्याचंही होतं. ठकी घरात गाणं म्हणत असते आणि आई भर दुपारी येऊन माझं मागचं दार उघडते. सीटवर हात फिरवते. खाली वाकून बघते. दार लावते, चार पावलं जाते, परत येते. गार सकाळी माझ्या काचेवर आतून दव धरलं की पाच इवली बोटं उमटतात. बाबांनी ती तीनदा पुसली. चौथ्यांदा त्यांनी मला विकायचं ठरवलं.

काल एक जोडपं मला बघून गेलं. बाईच्या खांद्यावर तान्हं बाळ होतं. तिने विचारलं, "गाडीला कधी काही झालंय का हो?"

"नाही, काही नाही," बाबा म्हणाले. आई दारात उभी होती. ती वळून आत गेली.

उद्या सकाळी ते मला न्यायला येतील. त्या बाईला सांगायला मला तोंड नाही. म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीत कुणाकडे गाडी असेल, लेकरू असेल, तर त्यांना सांगा. दार लावण्याआधी मागची सीट हाताने चाचपा आणि मोठ्याने विचारा, बाळ कुणाकडे? नुसतं विचारून थांबू नका, "माझ्याकडे" असं उत्तर ऐका. तुम्ही दोघांना सांगा, ते चौघांना सांगतील. फिरत फिरत ही गोष्ट त्या बाईच्या कानावर जाऊ दे, तिच्या घरची पहिली कडक दुपार यायच्या आत.