कधीच न जोडलेला सोलर बंब

मित्रांनो, मी एक जुना सोलर बंब आहे. जुना म्हणजे वयानं आणि रंगानं. कामानं म्हणाल तर अजून कोराच आहे. माझ्या पोटात आजवर पाण्याचा थेंब गेलेला नाही.

कुपवाडच्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. काचेच्या काळ्या नळ्या, वर आडवं पिंप आणि खाली लोखंडी पाय, असं माझं रूप. माझ्या नळ्या पुसून बसवल्या त्या संयोगितानं. ती जतकडची. तिच्या गावी टँकर आला तरच अंघोळ, म्हणून पाण्याच्या वस्तूला ती देवासारखा हात लावायची. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, तेव्हा तिनं माझ्याही पायाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "जा बाबा. थंडीत कुणाला तरी कढत पाणी दे."

शेजारी काम करणारी शालूबाई हसली. "अगं, लेकीला सासरी धाडल्यागत बोलतीयास की."

"मग? कुणाच्या तरी घरीच चाललाय न्हवं?"

ते शब्द मी मनात धरून ठेवले.

मला विकत घेतलं ते आप्पासो नावाच्या बिल्डरनं. मोठी इमारत बांधली की गच्चीवर सोलर बंब बसवायचा, असा नियम आहे. त्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला मिळत नाही, आणि दाखल्याशिवाय लोकांना घरात राहायला जाता येत नाही. ज्यांनी हा नियम केला, त्यांच्या मनात चांगलंच असणार. सूर्यनारायण रोज न मागता देतो, ते पाण्यात धरून ठेवावं, वीज वाचावी, लाकूड वाचावं. मला त्या नियमाचा फार अभिमान वाटायचा.

पहिल्यांदा मला विट्याच्या एका गच्चीवर चढवलं. टेम्पोवाल्या धनाजीनं माझे पाय बोल्टानं आवळले. बरोबरच्या गड्यानं विचारलं, "पाइप कुठनं जोडायचा?"

"जोडून काय करतोस? परत सोडवाया लागंल."

मला काही उमगलं नाही. तपासणीचे साहेब आले, त्यांनी मला पाहिलं, फोटो घेतला आणि गेले. दुसऱ्याच दिवशी धनाजीनं मला उतरवून टेम्पोत घातलं. मग पलूस झालं, कराड झालं. महाबळेश्वरला तर भर पावसाळ्यात, धुक्यात उभं केलं. फोटोत मी दिसेना, तेव्हा धनाजी माझ्यामागे लाल छत्री उघडून उभा राहिला. "ह्यो बंब माझ्यापरीस जास्त गावं फिरलाय," असं तो चहाच्या गाड्यावर सांगायचा आणि लोक हसायचे.

मला हसू येत नसे. ऊन पडलं की माझ्या कोरड्या नळ्या आतून नुसत्या तापत राहायच्या. द्यायला जवळ एवढं असावं आणि घ्यायला कुणी नसावं, याला काय म्हणायचं?

मग आलं उंब्रज. हायवेजवळची नवी इमारत होती आणि दिवस कार्तिकाचे होते. धनाजी बोल्ट आवळत होता, तेवढ्यात राहीबाई जिना चढून वर आली. साठीच्या पुढची, मनगटं सुजलेली, हातात हळदकुंकवाची वाटी. तिसऱ्या मजल्यावरचं घर तिनं आणि तिच्या नवऱ्यानं घेतलं होतं. नवरा केरबा फौजेतून निवृत्त झालेला. अर्धांगानं त्याची एक बाजू गेलेली.

ती माझ्यासमोर उभी राहिली, माझ्या पायाला हळदकुंकू वाहिलं आणि डोळे मिटून हात जोडले. संयोगितानं कुंकू लावलं होतं, अगदी त्याच जागी ते हळदकुंकू पडलं.

"काकी, देव न्हाई त्यो. सोलर हाय," धनाजी म्हणाला.

"ठावं हाय रं. सूर्याचं देणं उतरवून घेतोय म्हंजी देवाचाच माणूस की." मग तिनं हळूच विचारलं, "पाणी कवा येईल? माझ्यासाठी न्हवं बाबा, मी कार्तिकात थंडच घेते. मालकांसाठी पायजे. डॉक्टर म्हणलेत, रोज कढत पाण्यानं न्हाऊ घाला, अंग चोळा. आन् इथं न्हाणीत गीझरचं बटणच न्हाई. सोलर हाय म्हणून ठेवलं न्हाई, असं आप्पासो म्हणतो."

धनाजीनं मान खाली घातली. "येईल की काकी. ऊन तर पडू द्या."

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले. वयानं तरुण होते, घाईत होते. आप्पासो त्यांच्या पुढं पुढं करत होता. राहीबाईही वर आली होती. साहेबांनी माझ्या पिंपावर हात ठेवला. आजवर कुणी ठेवला नव्हता.

"हे रिकामं आहे," ते म्हणाले.

"जोडायचं तेवढं ऱ्हायलंय साहेब."

साहेबांनी तपासणीचा कागद पाहिला. "इथं बसवलाय का, एवढंच विचारलंय. पाणी येतं का, ते विचारलेलं नाही." हे ते स्वतःशीच बोलले. मग राहीबाईकडे वळले. "आजी, जोडल्यावर परत येऊन सही करू का मी? मला यायला दोन-तीन महिने मात्र लागतील."

मित्रांनो, त्या क्षणी सगळं तिच्या एका शब्दावर होतं. नव्या घरात जाता येईपर्यंत केरबा तिकडं तिच्या भावाच्या पडवीत बाजेवर पडून होता. भावजयीच्या कपाळावर आठी येऊ लागली होती. राहीबाईनं माझ्याकडं पाहिलं, मग आप्पासोकडं.

आप्पासो चटकन म्हणाला, "काकी, आठ दिसांत जोडून देतो. पालीच्या खंडोबाची आण."

राहीबाईचा चेहरा मोकळा झाला. "देवाचं नाव घेतलंय म्हंजी झालं. करा साहेब सही."

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला तोंड कुठं आहे? पोटात पाणी असतं, तर निदान त्यानं तरी खळखळ केली असती.

केरबाला खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आणलं, त्याच आठवड्यात धनाजी पाना घेऊन आला. राहीबाई गच्चीवर धुणं वाळत घालत होती.

"कुठं न्हेतोस रं त्याला?"

"दुरुस्तीला काकी."

"बिघडला व्हय?" तिनं ओलं धुणं तसंच हातात धरलं. "चालू कवा झाला हुता?"

धनाजी माझ्या पायाशी वाकला. बोल्ट सोडवताना पाना त्याच्या हातून दोनदा निसटला.

आता मी सातारच्या रस्त्याला आप्पासोच्या गोदामामागं पडून आहे. काही नळ्या टेम्पोत फुटल्या. फोटोत कळत नाही म्हणून कुणी बदलल्या नाहीत. परवा धनाजी दुसऱ्या ड्रायव्हरला सांगत होता, गॅसवरून न्हाणीत नेताना राहीबाईच्या हातून कढत पाण्याचं पातेलं सटकलं. पाय भाजला.

"शिव्या देत असंल तुला," ड्रायव्हर म्हणाला.

"दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं गड्या. गाठ पडली की इचारती, बंब दुरुस्त झाला का रं? आप्पासोनं देवाचं नाव घेतलंय, म्हणती, दुरुस्तीलाच न्हेला असंल."

मित्रांनो, नियम चांगला आहे. पण तो गच्चीपर्यंत चढतो आणि तिथूनच परत फिरतो. त्यानं जिना उतरून न्हाणीपर्यंत यायला हवं. नव्या घरात राहायला गेलात, तर गच्चीवर बंब आहे एवढं पाहून समाधान मानू नका. नळ सोडा आणि धारेखाली हात धरा. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी तपासणीचे साहेब झालात, तर कागदावर विचारलं नसलं तरी हे एवढं करा. माझ्यासारख्याला स्वतःहून काहीच करता येत नाही.

उद्या धनाजी टेम्पो घेऊन येणार आहे. साताऱ्यात एक इमारत पुरी झाली आहे म्हणे. मला पुन्हा दक्षिणेकडं तोंड करून उभं करतील. माझ्या पायावर राहीबाईचं हळदकुंकू अजून आहे. त्या गच्चीवर तशी वाटी घेऊन कुणी येऊ नये, एवढंच मी सूर्यनारायणाकडं मागतो.