धारेतला मासा

आकारामनं चिलापीच्या ओठातला गळ अंगठ्यानं मागं दाबून अलगद सोडवला, मासा ओल्या तळहातावर क्षणभर तोलला आणि वाकून पाण्यात सोडून दिला. शेपटीचा एक फटका बसला. गढूळ पाण्यात रुपेरी रेघ उमटली आणि लगेच मिटली. त्यानं तिथंच हात धुतले आणि नदीकडं तोंड करून जोडले. दर रविवारी तो असंच करायचा.

पाऊस पहाटेपासून एकसुरी लागून राहिला होता. घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या, वरच्या शेवाळल्या होत्या. डोक्यावरची युरियाच्या पोत्याची खोळ सारखी करत त्यानं काठीला तंगूस गुंडाळला, गांडुळांची डबी खिशात टाकली आणि रिकामी पिशवी काखेत मारून वढ्याच्या वाटेला लागला. आखाडातला शेवटचा रविवार. गावात घरोघर वाटणाचा वास सुटला असणार. एकदा श्रावण लागला की गणपती उठेपर्यंत मासळीचं नाव नाही.

गावात कुणी ठरवून केलेला नियम नव्हता, पण सगळे पाळायचे. ज्या घरचं माणूस नदीनं नेलं, त्या घरात नदीची मासळी शिजत नाही. महापुरात आकारामचा पोरगा जयराज मळ्यातल्या म्हशी सोडवायला गेला, तो परतला नाही. म्हशी पोहत गावठाणाला लागल्या. तो ज्या ट्यूबवर बसून गेला ती खालच्या गावात बाभळीला अडकलेली सापडली. जयराज सापडला नाही. पुढं कुणीतरी मिरजेच्या स्टेशनात त्याच्यासारखा माणूस दिसल्याचं सांगितलं. सांगणारा विसरून गेला, जयराजची आई मनुबाई विसरली नाही. तिनं पोराचे दिवस घालू दिले नाहीत. सोमवार, गुरुवार, संकष्टी सगळं धरलं. दत्ताच्या देवळातला सांजदिवा एक दिवस चुकू दिला नाही. फक्त कृष्णामाईची ओटी बंद केली. त्या पुरापासून ती घाटाची पायरी उतरली नव्हती.

आणि मग एका रविवारी तीच म्हणाली होती,

"जावा, नदीचा मासा आणा. आपल्या घरचं कोण गेलंय म्हणून आपण बंद करायचं?"

आकाराम फौजेत असताना आसामात गळ टाकायला शिकला होता. त्या रविवारी तो नदीवर गेला. मासा लागलाही. पण तो पिशवीत घालायला हात होईना. कुणास ठाऊक याच पाण्यात... पुढचा विचार त्यानं कधी पुरा केला नाही. मासा सोडून तो पप्पूच्या तळ्यावर गेला. वीटभट्टीच्या जुन्या खड्ड्यात पप्पूनं चिलापी पाळली होती. तिथला मासा घरी गेला. मनुबाईनं तो रांधला, ताटात वाढला आणि समोर बसून राहिली. आकारामनं पहिला घास तोंडात घालेपर्यंत तिची नजर त्याच्या हातावरून हलली नाही. तेव्हापासून आखाड असो, माघ असो, हे चालूच होतं.

आजचा रविवार मात्र निराळा होता. सुनेचा भाऊ ऋषिराज लोणंदहून येणार होता. आधी दोनदा येऊन गेला होता, बोलणं अर्ध्यावर टाकून. यावेळी त्यानं फोनवर सरळच सांगितलं होतं, "मामा, संयोगिताला न्यायला येतोय. चांगलं स्थळ आहे, माणसं समजूतदार आहेत. तिचं वय असं किती आहे? तुम्हाला वाटतंय का जयराजराव येतील? वाटत असंल तर तसं तोंडानं सांगा, मी पुन्हा विषय काढणार नाही."

फोन ठेवल्यावर मनुबाई एवढंच बोलली होती,

"येऊ द्या की. त्यास्नी शेजारी बसवून नदीचा मासा वाढते. तुमी त्यांच्या देखत घास घेतला की झालं. वायलं तोंडानं सांगायची गरज न्हाई."

पप्पू तळ्याच्या बांधावर गुडघ्याएवढ्या चिखलात उभा होता. आकारामला बघून तो हसला, पण हसू लगेच ओसरलं.

"या मेजर. तुमचा गळ लय लांब पल्ल्याचा बघा. टाकायचा नदीत आन् मासा निगायचा माझ्या तळ्यात."

"आज जरा मोठा बघून दे. पाव्हणा यायचाय."

"कुठला देऊ? बघा की तिकडं."

आकारामनं बघितलं. तळ्याचा वढ्याकडचा बांध मधोमध फुटला होता. तळाशी काळा गाळ उघडा पडला होता आणि त्यात दोन बगळे फिरत होते.

"राती पावसानं फोडला. मासं गेलं समदं वढ्यानं नदीला. आता खरंच नदीतनं धरा. त्यातला एकांदा माझाच घावंल, वळखीचा." पप्पू बोलून गेला आणि म्हाताऱ्याचा चेहरा बघून गप झाला. फावडं चिखलात रोवून म्हणाला, "मेजर, नाक्यावर मटण मिळंल. घिऊन जावा की."

"मटण न्हाई चालायचं आज."

"का वं?"

 आकाराम खोळ पुढं ओढून आल्या वाटेनं माघारी वळला.

घाटावर येऊन त्यानं परत गळ टाकला. पाणी मघापेक्षा चढलं होतं. गळाचं बूच धारेला लागून सारखं खाली वाहत होतं, म्हणून तो वढ्याच्या तोंडाशी उथळात, करंजाच्या मुळ्यांजवळ सरकला. असल्या ढगाळ दिवसात मासा काठाला येतो, चरत राहतो, हे त्याला ठाऊक होतं. एरवी त्याला या घटकेत बरं वाटायचं. आज प्रत्येक वेळी बूच हललं की तो काठी घट्ट धरायचा, आणि थांबलं की सुटकेचा निःश्वास टाकायचा. न लागलेलं बरं, असं वाटायचं. मग घड्याळाकडं नजर जायची आणि घाई व्हायची.

रिकाम्या हातानं गेलो तर? ऋषिराज बघेल, संयोगिता बघेल, आणि मनुबाई... इतकी वर्षं तिनं ज्यावर देवाधर्माचं सगळं उभं केलं, ते आपणच एका रविवारी पाडायचं. आणि मासा नेला, खाल्ला, तर त्या पोरीचा जन्म या घराच्या उंबऱ्याला खिळून टाकायचा. सून आली तेव्हा कशी गडगडून हसायची. आता भाकरी थापतानाही बांगड्या वाजू देत नाही.

बूच सरळ खाली गेलं.

काठी वाकली. मासा दमदार होता, त्यानं धारेकडं ओढ घेतली. आकारामनं तंगूस ढिला सोडला, पुन्हा आवळला, मुळ्यांत जाऊ दिला नाही. हातांना सगळं येत होतं, मनाला विचारायची त्यांना गरज नव्हती. काठाला आणून त्यानं मासा वर घेतला. चिलापीच, हातभर लांब, पाठ शेवाळी, कल्ल्यांत रक्तासारखी लाली. त्यानं गळ काढला. आणि यावेळी वाकला नाही. मासा ओल्या पिशवीत घातला, पिशवीचं तोंड मुठीत धरलं. आत थडथड चालू होती. ती त्याच्या कोपरापर्यंत जाणवत होती.

"आवं."

त्यानं मान वळवली. घाटाच्या वरच्या पायरीवर मनुबाई उभी होती. काळ्या छत्रीतून पाणी तिच्या खांद्यावर ठिबकत होतं. पदर कमरेला खोचलेला. ती एक पायरी उतरली, थांबली, भिंतीला हात टेकून आणखी एक उतरली.

"तू कशाला आलीस? शेवाळ हाय. पाय जाईल."

"पाव्हणं येऊन बसल्यात मघाधरनं. संयोगितानं वाटण केलं, चूल सारवून घेतली. म्हणलं तुमी अजून कसं न्हाई." बोलता बोलता ती त्याच्यापर्यंत आली. पाण्याकडं बघायचं ती टाळत होती. "घावला का?"

आकारामनं पिशवी पुढं केली नाही. मागंही नेली नाही.

"घावला. पण ह्यो नदीतला हाय."

 मनुबाईनं हात पुढं केला, पिशवीचं तोंड उघडून आत बघितलं.

"दिसतंय," ती म्हणाली.

"आजवरचं समदं पप्पूच्या तळ्यातलं हुतं."

"मला ठावं हाय."

"तुला कुणी सांगितलं? पप्पूनं?"

"त्यो कशाला सांगंल." तिनं छत्री मिटून पायरीला टेकवली. आता दोघंही सारखीच भिजत होती. "मी वारणंकाठची हाय. चिरताना पोटात पिवळी चरबी निगायची. खाद्यावर पोसल्याली. धारंतल्या माशाला कधी चरबी धरती व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

 मनुबाई पिशवीवरून हात फिरवत राहिली, आतली धडपड कमी होत चालली होती.

"बोलले असते तर तुमी खराच आणला असता. आन् मग मला त्यो चिरता आला नसता."

आकारामनं तिच्याकडं बघितलं. तिनं नजर चुकवली नाही. घरातल्या देवापुढं, देवळात, तुळशीपाशी त्यानं तिला इतकी वर्षं डोळे मिटलेलीच बघितली होती.

"काल राती संयोगिता म्हणाली," तिनं सुरू केलं आणि थांबून ओठ पुसले. "म्हणाली, आत्या, मामांनी घास घेतला की दादा गप माघारी जातील. मग तुमी काळजी करू नका. असं म्हणाली. मला धीर देत हुती. ती, मला." तिचा आवाज चढला नाही. "मी देवापुढं बसले राती. बसून ऱ्हायले. मागायला तोंडच उघडंना."

पिशवीत काहीच हलेना, तशी ती गडबडीनं म्हणाली, "आवं, जायाचा त्यो. द्या इकडं."

ती बुडालेल्या पायरीपर्यंत गेली. आकारामनं तिचा दंड धरला. पाणी तिच्या घोट्यांवरून वाहत होतं, नऊवारीचा काठ धारेत पसरला होता. तिनं दोन्ही हातांत मासा घेतला, पाण्याखाली धरला आणि तसाच धरून ठेवला. मासा आडवा पडून राहिला. मग कल्ले उघडले, मिटले, पुन्हा उघडले. तिची बोटं सैल झाली. मासा निघून गेला तरी तिचे हात पाण्यातच होते. आकारामला दंड सोडवेना.

बऱ्याच वेळानं ती ताठ झाली. ओल्या हातानं तिनं पाणी डोळ्यांना लावलं.

"चला," ती म्हणाली. "पाव्हणं वाट बघत असतील."

 वाटेत ती पुढं, तो मागं. पिशवी त्याच्या हातात पिळून धरलेली. गल्लीत ओळखीचं कुणी 'काय मेजर, घावलं का न्हाई?' असं विचारत होतं, आकाराम मान हलवत होता.

ऋषिराज ओट्यावर खुर्चीत बसला होता, चहाचा कप तसाच भरलेला. तो उठून उभा राहिला. पडवीत चुलीपुढं संयोगिता बसली होती. मासळी घरातल्या गॅसवर करायची नाही, चुलीवरच, असा मनुबाईचा नेम. ओलं सरपण पेटावं म्हणून संयोगितानं वाळक्या काटक्या खाली रचल्या होत्या. वाटण तांब्याच्या ताटलीत, तवा तयार, हातात काडेपेटी. आत्याला भिजलेली बघून ती चपापली. मग तिची नजर मामांच्या हातातल्या पिशवीकडं गेली.

"लावू न्हवं, आत्या?"

मनुबाई उंबऱ्याच्या अलीकडंच थांबली. अंगावरचं पाणी पायांशी साचत होतं.

"नगं पेटवूस."

"आँ?"

"आज चूल पेटवायची न्हाई. ठेव ती पेटी खाली."

संयोगितानं काडेपेटी खाली ठेवली नाही. ती तशीच मुठीत धरून ती मनुबाईच्या तोंडाकडं बघत राहिली. ओट्यावर ऋषिराजनं काही बोलायला तोंड उघडलं आणि आकारामनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत खुर्चीत बसवलं.

मनुबाई शेजारच्या भिंतीकडं वळली. पलीकडं रंगूबाई पत्र्याखाली लसूण सोलत बसली होती.

"रंगू."

"काय वं आक्का? पाव्हणं आल्यात न्हवं? कसलं कालवण केलं?"

"आमच्याकडं आज चूल न्हाई. पिठलं-भाकरी धाडशील?"

"धाडते की. त्यात काय, आत्ता टाकते." रंगूबाई हसत उठली. "सरपण भिजलं का गॅस सपला?"

 मनुबाई भिंतीवर दोन्ही हात टेकून उभी होती, केसांतलं पाणी कपाळावरून उतरत होतं.

रंगूबाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिच्या मांडीवरचा लसूण खाली सांडला. तिनं डोईवरचा पदर पुढं ओढला आणि भाकरीचं पीठ घ्यायला घरात न जाता, तशीच पावसातनं, मनुबाईच्या दाराकडं यायला निघाली.