जरा जास्तच निळी चोच

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी बदक आहे. नर आहे. डोकं काळं, कुशी पांढऱ्या, पाठीवर करड्या रंगाच्या बारीक लाटा, डोळे पिवळ्या काचेचे. माझ्या जातीच्या खऱ्या बदकाची चोच धुतलेल्या पाटीसारखी असते, राखाडी आणि त्यात निळ्याची नुसती झाक. माझी चोच मात्र दौतीतल्या शाईसारखी निळी आहे. ती तशी का झाली, हे समजायला मला बराच वेळ लागला. तेच तुम्हांला सांगतो.

मला विल्बर ट्रुएक्सने घडवलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बार्नेगॅट खाडीच्या काठावर त्याचं घर होतं आणि घरामागे एक लहानशी कामाची खोली. आयुष्यभर त्याने होड्या बांधल्या. म्हातारपणी हातांना काम हवं म्हणून तो बदकं करू लागला. पूर्वी अशी बदकं शिकारीसाठी करत. आम्हांला पाण्यात सोडायचं, म्हणजे वरून जाणारी खरी बदकं इथे आपल्याला सोबत आहे असं समजून खाली उतरतात आणि बंदुकीच्या टप्प्यात येतात. विल्बरने बंदूक कधीच टांगून ठेवली होती. त्याला पक्षी फक्त जवळून पाहायचे असत.

माझं लाकूड दलदलीत वाढणाऱ्या पांढऱ्या सीडर झाडाचं. आमच्या खाडीत बदक एका ठोकळ्याचं करत नाहीत. दोन तुकडे घ्यायचे, दोन्ही वाडग्यासारखे कोरायचे आणि तोंडाला तोंड लावून चिकटवायचे. म्हणून मी आतून पोकळ आहे. टिचकी मारून बघा, ठक् असा आवाज येतो. माझ्या पोटाखाली शिशाची पट्टी बसवलेली आहे. मला पाण्यात उलटं फेकलं तरी मी आपला आपण सुलटा होतो. हे मला कुणी शिकवलं नाही. वजन योग्य जागी असलं की एवढं जमतं.

रंगाच्या बाबतीत विल्बरचा एक नियम होता. ज्याच्याकडे तो हे काम शिकला त्याने घालून दिलेला. बदकावरून बदक करायचं नाही. समोर खरा पक्षी ठेवायचा किंवा डोळे मिटून आठवायचा, पण दुसरं लाकडी बदक पाहून रंग द्यायचा नाही. एकाची चूक दुसऱ्यात उतरते, दुसऱ्याची तिसऱ्यात, आणि सातव्या बदकाचं कबूतर होतं, असं त्याचा तो गुरू म्हणे. नियम चांगलाच होता. विल्बर रंगवायला बसला की जुनी बदकं कपाटात बंद करून ठेवायचा.

माझी चोच त्याने आठवणीतून रंगवली. राखाडीत निळ्याचा थेंब टाकला, ब्रश उचलला, खिडकीकडे धरला, मान हलवली. अजून एक थेंब. अजून एक. मला तेव्हा काही वाटलं नाही. नव्या वस्तूला काय माहीत असतं? मला वाटलं, चोची अशाच करतात.

दर शनिवारी सकाळी गावातले हौशी कारागीर अग्निशमन केंद्राच्या सभागृहात जमत. कॉफी, डोनट आणि लाकडाचा भुसा. तिथे एका मोठ्या टबात नवं बदक तरंगवून बघायची पद्धत होती. मला उलटं फेकलं, मी सुलटा झालो. सगळ्यांनी मान डोलावली. मग विल्बरचा जुना मित्र एल्टन पुढे वाकला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"विल्बर, ह्याने येताना कुणाच्या तरी ब्लूबेरीच्या मळ्यात तोंड घातलेलं दिसतंय."

सगळे हसले. आमच्याकडे ब्लूबेरीचे मळे मैलोन्‌मैल आहेत. विल्बरही हसला. त्याला वाटलं, एल्टन नेहमीसारखा चेष्टा करतोय. एल्टनने मात्र नंतर डोनट अर्धाच ठेवला आणि पुन्हा माझ्या चोचीकडे पाहिलं. असं का, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो.

नोव्हेंबरात विल्बरने मला खाडीत नेलं. दोरी बांधून पाण्यात सोडलं आणि स्वतः चपट्या होडीत गवताआड बसून राहिला. ऊन तिरपं होतं, पाणी चमकत होतं. थोड्या वेळाने खरी बदकं आली. मी मोजली, अकरा होती. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच खरं बदक पाहत होतो. एक मादी अगदी जवळ आली. तिने आधी एका डोळ्याने माझी चोच पाहिली, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने पाहिली. बदकांना माणसांपेक्षा जास्त रंग दिसतात म्हणे. तिला काय दिसलं असेल? तिने बुडी मारली, काहीतरी खाल्लं, आणि माझ्या शेजारीच पोहत राहिली. तासाभराने सगळी उडून गेली.

विल्बर घरी आला तेव्हा त्याची बायको ऑड्रे चुलीवर शिंपल्यांचं सूप ढवळत होती. त्याने मला ओट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "आज एकही आलं नाही."

ऑड्रेचा हात थांबला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडी दिसते आणि खिडकीत तिची दुर्बीण टांगलेली असते. तिनेही अकरा मोजली होती.

तिला बऱ्याच गोष्टी आधीच दिसल्या होत्या. एका पायात काळा मोजा, एका पायात गडद निळा. कपाबाहेर ओतलेली कॉफी. संध्याकाळी गाडी चालवायची टाळाटाळ. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की विल्बर उठून कामाच्या खोलीत जायचा. त्याच्या वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन जुन्या काळी झालं होतं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांना दोन आठवडे हलू दिलं नव्हतं, आणि शेवटी तो डोळा गेलाच. दहा वर्षांचा विल्बर रोज त्या खाटेशेजारी बसायचा. तेव्हापासून त्याचं ठरलेलं होतं: जेवढं दिसतंय तेवढं पुरे. पण दर महिन्याला ते 'जेवढं' कमी होत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑड्रेने नियम मोडला. तिने कपाटातून माझ्याच जातीचं एक बदक काढलं. विल्बरने ते बावीस वर्षांपूर्वी रंगवलं होतं. तिने ते न्याहारीच्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात, माझ्या शेजारी ठेवलं. खांद्याला खांदा लावून.

विल्बर आला, खुर्ची ओढली आणि थांबला. एकटा मी त्याला बरोबर वाटत होतो. दोघं शेजारी आल्यावर मात्र फरक त्या धुरकट डोळ्यांनाही दिसला.

"जुन्याचा रंग उडालाय," तो म्हणाला.

"बावीस वर्षं कपाटात आहे ते. ऊन कुठून लागलं?"

विल्बरने माझ्या चोचीवरून अंगठा फिरवला. मग जुन्याच्या चोचीवरून.

"काल किती आली होती?" त्याने विचारलं.

"अकरा."

तो खाली बसला. ऑड्रेने त्याच्यापुढे ताटली ठेवली आणि सांगितलं की मंगळवारी डॉक्टरची साडेनऊची वेळ घेतलेली आहे, गाडी ती चालवेल, आणि आता वाळूच्या पिशव्या लावत नाहीत, तिने फोनवर दोनदा विचारून घेतलं आहे.

मित्रांनो, डोळ्यातलं भिंग वय झालं की पिवळं आणि गढूळ होतं, आणि पिवळी काच निळा रंग अडवते. म्हणून विल्बरला निळा कमी दिसत होता आणि तो थेंबावर थेंब वाढवत होता. त्याचा हात चुकला नव्हता, आठवणही चुकली नव्हती.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तो घरी आला आणि कोटही न काढता त्याने मला उचलून खिडकीशी नेलं. उजवा डोळा मिटला, डाव्याने पाहिलं. डावा मिटला, उजव्याने पाहिलं. असं किती वेळा केलं कोण जाणे. उजव्या डोळ्याने पाहताना तो दचकायचा, डाव्याने पाहताना शांत व्हायचा. मग तो हसायला लागला. एल्टन भेटायला आला होता. तो म्हणाला, "मी तर केव्हाच सांगितलं होतं."

"तू ब्लूबेरी म्हणालास," विल्बर म्हणाला. "डोळे म्हणाला नाहीस."

एल्टनने टोपी काढून हातात फिरवली. तसं म्हणायचा धीर झाला नाही, असं तो हळूच म्हणाला.

आमच्यात दर शरदात बदकाला नवा रंग द्यायची रीत आहे. ऑड्रेने विचारलं, ह्याची चोच नीट करणार का? विल्बर म्हणाला, राहू दे, अजून डावा डोळा बाकी आहे. वसंतात डावाही झाला. त्यानंतरही त्याने माझ्या चोचीला ब्रश लावला नाही.

मला तेव्हा एक गोष्ट कळली. ज्या डोळ्याला माझी चोच बरोबर दिसायची असा जगात एकच डोळा उरला होता. त्या वसंतात तोही उरला नाही. आता सगळ्यांनाच मी चुकीचा दिसतो. याचं वाईट वाटतं का? थोडं वाटतं. पण पुढच्या नोव्हेंबरात विल्बर मला घेऊन पुन्हा गवताआड बसला आणि पाण्यावरच्या झगमगाटात हलक्या आवाजात मोजू लागला, तेव्हा मी त्याचा आकडा माझ्या आकड्याशी ताडून पाहिला. चौदा. दोघांचेही चौदाच.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. विल्बर नाही, ऑड्रेही नाही. मी सभागृहाच्या फडताळावर, त्या जुन्या बदकाच्या शेजारीच असतो. विल्बरने आम्हांला पुन्हा वेगळं ठेवू दिलं नाही. मला पाहून लोक हसतात. हसा, माझी हरकत नाही. फक्त एक मागणं आहे. तुमच्या माणसाच्या हातून एखाद्या दिवशी काही जरा जास्तच निळं झालं, तर नुसतं हसून पुढे जाऊ नका. शेजारी जुनं काहीतरी ठेवा आणि त्याच्याबरोबर बसून पाहा.

आणि कधी खाडीवर गेलात, तर त्या मादीला विचारा. तिला माझी चोच कशी दिसली होती, हे मला अजून कळलेलं नाही.