शवपेटीतला कोरा मुखवटा

मेक्सिकोतल्या मुखवटाधारी मल्लांच्या कुस्ती मंडळाच्या पत्रकानुसार, ‘छोटं घुबड’ या नावाने एकोणीस वर्षे आखाडा गाजवणारे एव्हारिस्तो त्लापाले यांना त्यांच्या मुखवट्यासह सन्मानाने दफन करण्यात आले.

दफन झाले, एवढेच खरे. साडेचार फुटांच्या त्या मल्लाच्या चेहऱ्यावर मंडळाने चढवलेला मुखवटा कोरा, नवाच शिवलेला होता. त्याच्या खऱ्या मुखवट्याची कानामागे उसवलेली शिवण बायकोने, दोमितिलाने, पिवळ्या दोऱ्याने घातली होती. पुढच्याच रविवारी पुएब्ला शहरात ‘छोटं घुबड’ पुन्हा आखाड्यात उतरले. मंडळाच्या दुर्दैवाने विधवाही तिकीट काढून येतात. पहिल्या रांगेतून तिला तो पिवळा दोरा दिसला.

कपडे बदलायच्या खोलीत तिने मुखवट्यामागच्या नासारिओला गाठले. तो तिच्या नवऱ्याचा तेवढ्याच उंचीचा सरावातला जोडीदार. बातमीसाठी आलेला मी दारातच होतो.

“काढ तो! परक्या तोंडाने पुरलं रे मी त्याला. उद्या कबर उघडून त्याचा त्याला देणार आहे. वहिनी म्हणून माझ्या हातचं जेवलास, लाज नाही वाटली?”

नासारिओचा हात मुखवट्याच्या नाडीपाशी जाऊन थांबला. त्याचे उत्तर शब्दशः देतो :

“मंडळानं सांगितलं आणि मीच बदलला, वहिनी. घातला की आत कुणीतरी आधीच श्वास घेत असतं, फार भीती वाटते. पण काढला की लोकांना फक्त माझी उंची दिसते.”